पुष्पकाच्या गप्पा पुरे, वायरिंगचा नकाशा दाखवा!

जानेवारी 2015 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली होती. देशाच्या विज्ञानाच्या या व्यासपीठावर एका निबंधातून सांगितले गेले की हजारो वर्षांपूर्वी भारतात विमाने उडत होती. आधार दिला गेला तो 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा. या ग्रंथाची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 सालीच करून ठेवली होती. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यात वर्णन केलेली विमाने उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही चाळीस वर्षांनंतर तीच पोथी विज्ञानाच्या नावाने पुन्हा मिरवली गेली. महाराष्ट्रात तर 1895 साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा दर काही वर्षांनी नव्याने सांगितली जाते. त्या उड्डाणाचा समकालीन, भक्कम पुरावा मात्र कुणी पुढे ठेवत नाही.

अशा गप्पा ऐकल्या की आमच्या चळवळीतील कार्यकर्ते हसतात, एखादी पोस्ट टाकतात आणि विषय सोडून देतात. आम्हाला वाटते की नुसते हसून भागणार नाही. खरोखर विमान बांधणारी माणसे कशी काम करतात, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण विमान बांधणाऱ्याला पोथी दाखवून सुटता येत नाही. त्याला नकाशा दाखवावा लागतो, प्रत्येक तारेचा हिशेब द्यावा लागतो. ही शिस्त ब्राह्मणी ज्ञानव्यवस्थेच्या अगदी उलट आहे, आणि म्हणूनच ती आपल्या कामाची आहे.

अमेरिकेत हजारो सामान्य माणसे स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधतात. 1953 साली विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीजवळ पॉल पोबेरेझ्नी यांनी 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संघटना सुरू केली. आज दरवर्षी जुलैच्या सुमारास ऑशकॉश गावात तिचा मेळा भरतो आणि घरी बांधलेली विमाने तिथे स्वतः उडत येतात. तिथला कायदा काय म्हणतो, हे आपल्या तरुणांनी लक्ष देऊन वाचावे. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः बांधलेला असला पाहिजे, आणि तो शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला असला पाहिजे. कायद्यात 'शिक्षण' हा शब्दच आहे. पदवीची अट नाही. बांधणाऱ्याने कामाची नोंदवही ठेवायची, फोटो काढायचे, निरीक्षकाला दाखवायचे. मग साधारणपणे 25 ते 40 तास ठरवून दिलेल्या क्षेत्रात, प्रवासी न घेता चाचणीची उड्डाणे करायची. एवढे झाले की मुख्य बांधणाऱ्याला त्या विमानापुरते दुरुस्तीकाराचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि त्याची वार्षिक तपासणी तो स्वतः करू शकतो.

म्हणजे ज्याने बांधले, त्याला उघडून पाहण्याचा आणि 'हे ठीक आहे' असे सही करून सांगण्याचा अधिकार. हात आणि सही एकाच माणसाची. आपल्या देशात हात एकाचा आणि सही दुसऱ्याची, ही विभागणी हजारो वर्षे धर्माच्या नावाने चालली. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलन' मध्ये दाखवून दिले की जात ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि त्यातही त्यांची खालीवर उतरंड आहे. ही विभागणी कुठे जाऊन बसली आहे हे पाहायचे असेल तर विजेच्या कामाकडे पाहा.

घरी विमान बांधणाऱ्यांना धातूकामापेक्षाही अनेकदा वायरिंगची धास्ती वाटते. पत्रा वाकडा झाला तर डोळ्यांना दिसतो, तारेतला दोष दिसत नाही. खरे तर लहान विमानाची विद्युत व्यवस्था समजायला अवघड नाही. बारा व्होल्टची बॅटरी, इंजिनावर चालणारा अल्टरनेटर, मुख्य स्विचने चालणारा काँटॅक्टर, त्यापुढे बस म्हणजे वीज वाटणारी पट्टी, आणि तिथून फ्यूजमधून रेडिओ, दिवे, पंप, उपकरणे यांच्याकडे जाणाऱ्या तारा. मोटारसायकलचे वायरिंग करणारा आपला कोणताही पोरगा हे चित्र तासाभरात समजून घेईल. पुढचा भाग शिस्तीचा आहे.

पहिली शिस्त अशी की काम सुरू करण्यापूर्वी नकाशा काढायचा. कोणती तार कुठून निघते, कुठे पोचते, तिची जाडी किती, तिच्यावर फ्यूज किती, हे कागदावर असले पाहिजे आणि तारेच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक असला पाहिजे. दोन वर्षांनी बिघाड झाला तर आठवण उपयोगी पडत नाही, कागद पडतो.

दुसरी गोष्ट फ्यूजची. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी आहे असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो सर्वांत आधी तारेला वाचवण्यासाठी असतो. पाच अँपियरच्या बारीक तारेवर वीस अँपियरचा फ्यूज बसवला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि तार जळते. आकाशात तार जळणे म्हणजे कॉकपिटमध्ये धूर. म्हणून जाणकार बांधणारे साधी पीव्हीसी वायर टाळून टेफझेलचे आवरण असलेली तार वापरतात. वारंवार फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणाऱ्याला तिथे कुणी हुशार म्हणत नाही. फ्यूज का उडाला याचे कारण शोधायचे असते.

तिसरी गोष्ट परतीच्या वाटेची, म्हणजे ग्राउंडची. ॲल्युमिनियमच्या विमानात सांगाड्यातूनच वीज परत बॅटरीकडे येऊ शकते. लाकडी किंवा फायबरच्या विमानात ती सोय नसते, परतीची वेगळी तार ओढावी लागते. रेडिओत घरघर, काट्यांची चुकीची मापे, मध्येच बंद पडणारे दिवे अशा तक्रारींचे मूळ अनेकदा खराब ग्राउंडमध्ये सापडते. लोक मात्र रेडिओ बदलत बसतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कॅन्सास राज्यातील विचिटाचे अभियंता रॉबर्ट नकल्स यांनी घरी विमान बांधणाऱ्यांसाठी 'दि एरोइलेक्ट्रिक कनेक्शन' हे पुस्तक लिहिले. त्यांच्या विचाराचा गाभा असा की कोणताही भाग कधीतरी बिघडणारच, हे आधीच धरून चाला. अल्टरनेटर बंद पडेल. मग काय? मुख्य बसपासून वेगळी, जगण्यापुरती लहान बस ठेवा. तिच्यावर फक्त उतरण्यासाठी लागणारी उपकरणे ठेवा आणि तिला बॅटरीकडून थेट जाणारी दुसरी वाट द्या. व्होल्टेज तेराच्या खाली आले की लगेच पेटणारा दिवा समोर बसवा, म्हणजे बॅटरी रिकामी व्हायच्या आत वैमानिकाला कळेल. मॅग्नेटोवर चालणारे जुने इंजिन सगळी वीज गेली तरी फिरत राहते. नव्या इंजिनांत ठिणगी आणि इंधन दोन्ही विजेवर असतील तर बॅटरीची दुसरी वाट हवीच. माझे बिघडणार नाही, असे मानणारा माणूस तिथे धोकादायक समजला जातो.

आता बिघाड शोधण्याची पद्धत पाहू. समजा दिवा मंद जळतो. शिकाऊ माणूस दिव्याची जोडणी सोडवतो, मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर लावतो, बारा व्होल्ट दिसतात आणि तो म्हणतो, वायरिंग ठीक आहे. पण तार आतून तुटत आली असेल आणि एकाच धाग्यावर टिकून असेल, तरीही भार नसताना मीटर पूर्ण बारा व्होल्टच दाखवतो. दिवा जोडा, विजेला धावू द्या आणि मग त्या जोडणीच्या दोन्ही बाजूंना मीटर लावा. चांगल्या जोडणीवर व्होल्टचा अगदी नगण्य अंश पडतो. खराब जोडणीवर दोन, तीन, चार व्होल्ट अडकलेले दिसतात. दोष सापडला. म्हणून नियम असा की भार टाकून मोजा.

आमच्या मते हा नियम प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने पाठ करावा. 'जात आता राहिली कुठे?' असे विचारणारे लोक भार न टाकता मोजतात. कागदावर कलम 17 आहे, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे. मीटर बारा व्होल्ट दाखवतो. पण भाड्याचे घर मागायला जा, आंतरजातीय लग्न ठरवा, गावच्या पाणवठ्यावर घागर घेऊन जा, गटारात कोण उतरते ते पाहा. भार पडला की कुठल्या जोडणीवर किती व्होल्ट अडकतात ते लगेच कळते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, हा अंतर्विरोध फार काळ ठेवला तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही जे सिद्धांत शिकलो त्यांची अशी साधी चाचणी आम्हाला तिथे कुणी शिकवली नव्हती.

आणि हे सगळे गोऱ्या, सुखवस्तू अमेरिकनांचे आहे असे समजू नका. तिथेही दारे बंद होती. शिकागोचे कॉर्नेलियस कॉफी आणि जॉन रॉबिन्सन हे दोघे कृष्णवर्णीय मोटार मेकॅनिक. कर्टिस-राइटच्या विमानविद्या शाळेने त्यांचा रंग पाहून त्यांना दारातून परत पाठवले. रॉबिन्सनबद्दल असे सांगितले जाते की त्यांनी त्याच शाळेत झाडलोटीची नोकरी धरली आणि झाडू मारता मारता वर्गातले ऐकून घेतले. एकलव्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पण इथे कुणी अंगठा दिला नाही. कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यावर शाळेला दार उघडावे लागले आणि 1931 साली दोघे तिथून शिकून बाहेर पडले. त्यांच्या गटाने हीथ कंपनीच्या 'पॅरासोल' या लहान विमानाच्या किटवरून, मोटारसायकलचे इंजिन बसवून, स्वतःचे विमान जोडले. गोऱ्यांचे विमानतळ जागा देईनात, तेव्हा रॉबिन्स या कृष्णवर्णीयांच्या गावात त्यांनी स्वतःची धावपट्टी केली. रॉबिन्सन 1935 साली इथिओपियाला गेले आणि इटलीच्या फॅसिस्ट आक्रमणाविरुद्ध सम्राट हेले सेलासी यांच्या हवाई दलाचे नेतृत्व त्यांनी केले. कॉफी आणि विला ब्राउन यांनी शाळा काढली आणि पुढच्या पिढीचे कृष्णवर्णीय वैमानिक घडवले. त्याच हीथ कंपनीने 1947 साली घरी जोडण्याच्या ऑसिलोस्कोपचे किट विकायला काढले आणि सामान्य माणसाच्या टेबलावर विजेची मोजमाप करणारे यंत्र आले, हाही इतिहासाचा एक धागा आहे.

डेट्रॉइटचे नील लव्हिंग यांचे उदाहरण तर प्रत्येक वस्तीत सांगावे असे आहे. 1944 साली ग्लायडरच्या अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले. त्यानंतर त्यांनी स्वतः आरेखन करून 'लव्हिंग्ज लव्ह' हे शर्यतीचे छोटे विमान बांधले आणि 1950 साली ते उडाले. पंचेचाळीस वर्षांचे असताना, 1961 साली, त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे राइट-पॅटरसन हवाई तळावर अभियंता म्हणून काम केले. विमान आधी, पदवी नंतर. गुणवत्ता म्हणजे काय, यावर आपल्याला प्रवचन देणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

आता आपल्याकडे या. आमच्या वस्त्यांत आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन कोर्स केलेले तरुण घरोघरी आहेत. भिंतीला खाचा पाडणे, पाइप टाकणे, तार ओढणे, खांबावर चढणे ही कामे ते करतात. कित्येक जण कंत्राटी पद्धतीवर, अपुऱ्या साधनांनिशी हा धोका पत्करतात. पण ड्रॉइंग कुणाच्या हातात असते? लोड किती, केबल कोणती, हे कोण ठरवते? पोराला 'इथून तिथे ओढ' एवढेच सांगितले जाते. दहा वर्षे काम करूनही फ्यूजची निवड कशी करतात हे त्याला कुणी समजावत नाही, आणि अपघात झाला की 'त्याचाच हलगर्जीपणा' असा अहवाल लिहिला जातो. तारेला हात त्याचा लागतो, नकाशा मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. अजंता सुब्रमण्यन यांनी 'द कास्ट ऑफ मेरिट' या 2019 च्या पुस्तकात दाखवले आहे की वसाहतकाळात तांत्रिक ज्ञान कारागीर जातींच्या हातातून निसटून उच्चजातीय अभियंत्यांच्या पदव्यांत कसे गेले. हातांचे काम हलके ठरले, कागदावरचे काम श्रेष्ठ ठरले. मग त्यालाच 'मेरिट' हे नाव मिळाले.

सरकार यावर काय उपाय करते? 17 सप्टेंबर 2023 रोजी 'पीएम विश्वकर्मा' योजना आली. अठरा पारंपरिक व्यवसाय, गुरु-शिष्य परंपरेचा गौरव आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपये. कारागिराला मदत मिळू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण विमान बांधणाऱ्याला 'शिकण्यासाठी बांध' असे सांगणारा कायदा आणि बापाचाच धंदा पुढे चालव असे सुचवणारी योजना, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चांभाराच्या पोराला टाके घालायला नवी आरी द्यायची आणि मल्टिमीटर दुसऱ्याच्या पोराला, असे होणार असेल तर ती जातीचीच डागडुजी ठरेल.

बाबासाहेबांची दिशा वेगळी होती. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज, पाटबंधारे हे विषयही त्यांच्या खात्याकडे होते. वीज मुबलक आणि स्वस्त असली पाहिजे, कारण तिच्याशिवाय उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. ज्यांना आपण केवळ कायदेपंडित म्हणून पुतळ्यात बसवले, ते आपल्या पोरांना कारखान्याच्या दारातून आत पाठवू पाहत होते.

आमचे काही मित्र म्हणतील, विमान बांधणे ही श्रीमंतांची हौस आहे. आपल्या पोरांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही आणि तुम्ही विमानाच्या गोष्टी करता? आक्षेप खरा आहे. किट आणि इंजिनाची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची आहे. भारतात परवानगीची वाटही खडतर आहे. मुंबईच्या कांदिवलीत अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, 2016 साली ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, तरी त्याची नोंदणी व्हायला 2017 उजाडले. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक होते. आपल्या वस्तीतल्या पोराने उद्या विमान बांधावे, अशी आमची मागणी नाही. पण त्या विमानातली बारा व्होल्टची व्यवस्था, तिचा नकाशा, फ्यूजचे गणित, भार टाकून मोजण्याची रीत, यांना किती पैसे लागतात? जुनी बॅटरी, मोटारसायकलचा भंगारातला हार्नेस, काही रिले, लग दाबायची पक्कड आणि काहीशे रुपयांचा मल्टिमीटर. एवढ्यात एक बाक उभा राहतो.

दुसरा आक्षेप असा की तंत्रात रमलेला तरुण चळवळीपासून तुटतो. आमचा अनुभव सांगतो की तरुण तुटतो तो बेकारीमुळे आणि न्यूनगंडामुळे. ज्याने स्वतः काढलेल्या नकाशावरून दोष शोधला आहे, त्याला साहेबाच्या 'तुला काय कळतंय?' पुढे मान खाली घालावी लागत नाही. बुद्धाने दुःख सांगितले, त्याचे कारण सांगितले, ते दूर करता येते हे सांगितले आणि मार्गही सांगितला. परंपरेने आले किंवा ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही ज्या धम्माची शिकवण आहे त्याच्या अनुयायांना मीटर परका वाटायचे कारण नाही. पोथीवरून विमान उडवणाऱ्यांना तो परका वाटेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दर रविवारी जिथे वंदना होते, अभ्यासवर्ग चालतो, त्या बुद्धविहाराच्या किंवा वाचनालयाच्या एका कोपऱ्यात असा बाक मांडा. घरातल्या 230 व्होल्टला परवाना नसलेल्याने हात लावायचा नाही, हा पहिला नियम भिंतीवर लिहा. शिकायला बारा व्होल्ट पुरेसे आहेत. वस्तीतल्या अनुभवी वायरमनला शिक्षक म्हणून खुर्चीवर बसवा, त्याला मानधन द्या. मुलींना मागच्या रांगेत ठेवू नका. विला ब्राउन यांच्याकडे वैमानिकाबरोबर मेकॅनिकचेही प्रमाणपत्र होते. प्रत्येकाने आपल्या हाताने नकाशा काढायचा, एकाने मुद्दाम दोष घालायचा, दुसऱ्याने तो मोजून शोधायचा आणि नोंदवहीत लिहून सही करायची. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या आपल्या भावांनी ड्रॉइंगची प्रत मागायला शिकावे. सुरक्षा साधने नसतील तर खांबावर चढायला संघटितपणे नकार द्यावा. जयंतीच्या रोषणाईसाठी आपण दरवर्षी हजारो रुपये खर्च करतो. येत्या 14 एप्रिलला त्यातला थोडा भाग या बाकासाठी काढा, आणि ती रोषणाई आपल्याच पोरा-पोरींनी, अनुभवी परवानाधारकाच्या देखरेखीखाली, आपल्या नकाशाप्रमाणे आणि योग्य फ्यूज बसवून केलेली असू द्या.

'शिका' या शब्दात हातांचे शिकणेही आहे. पुढच्या वेळी कुणी पुष्पक विमानाची कथा सांगू लागला, तर वाद घालत बसू नका. आपल्या बाकावरची नोंदवही त्याच्यासमोर ठेवा आणि त्याची मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!